अकराव्या चौकटीतली काच

पणजी पऱ्हाटीच्या कुडाची, आजी पांढऱ्या मातीची, आई भाजक्या विटांची. तिघींनी एकीमागून एक एकाच जागी उभे राहून एकाच तराजूला आडोसा दिला. चौथ्या पिढीत मी आले. मित्रांनो, मी एक जुनी काचेची भिंत आहे आणि मला माझ्या कुळाचा अभिमान आहे. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात अभिमान वाटावा असे थोडे आणि किळस यावी असे फार आहे. नीट बसा. माझ्या अंगाला टेकू नका.

आमचे गाव तापीच्या काठी, प्रकाश्याहून बैलगाडीने तासाभराच्या वाटेवर आहे. गाव कापसाचे. दिवाळी सरली की कापूस भरलेल्या गाड्या जिनाच्या, म्हणजे सरकी काढायच्या गिरणीच्या, आवारात येतात आणि काटाघरात त्यांचा माल तोलला जातो. माझ्या पणजीच्या कुडाला फटी होत्या, त्यामुळे आतले थोडेफार बाहेर दिसे. आजीच्या मातीत फट नव्हती. आई तर पक्क्या विटांची, व्यापाऱ्याच्या मालकीची. तिच्या आड तराजू हले, रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरे आणि ज्याचा कापूस तो बाहेर उन्हात वाट पाहत बसे. आईविषयी वाईट बोलू नये, असे मला शिकवलेले आहे. म्हणून एवढेच म्हणते की तिच्या आड जे चालत असे, ते तिच्या मनाचे नव्हते.

एकोणीसशे छप्पन साली गावकऱ्यांनी आपली सोसायटी काढली आणि जिन विकत घेतले. पहिले चेअरमन शांतीलालभाई. पांढरे धोतर, काळी टोपी, बोलणे मोजके. त्यांनी पहिल्याच बैठकीत काटाघराची पुढची भिंत पाडायला सांगितली.

"ज्याना कापूस, त्याले काटा दखाना पाहिजे," ते म्हणाले. "बाहेरथून बी."

मला घडवले दोधू मिस्तरीने. तो गावचाच, पण सुरतेत राहून लोखंडाचे आणि काचेचे काम शिकून आला होता. त्याने लोखंडाच्या चोवीस चौकटी जोडल्या, सहा-सहांच्या चार ओळी, खालून मोजायच्या. प्रत्येक चौकटीवर पितळी आकडा. प्रत्येक चौकटीत एक तावदान, आणि ते धरून ठेवायला दोन कानांचे चार पितळी नट. आत कापसाचे ढीग लागतात, हात पोचणार नाही, म्हणून नट त्याने बाहेरच्या अंगाला बसवले. मग गावासमोर उभे राहून त्याने माझा गुण सांगितला.

"च्यार नट फिरावा, का काच हातमा. एक फुटनी ते दुसरी बसाडा. गवंडी नको, सुतार नको, आन् मी बी नको."

"मंग दोधू, तुले मजुरी बी नको का रे भो?" गर्दीतून कोणीतरी विचारले आणि सगळे आवार हसले.

मी मात्र हसले नाही. मोडलेला भाग तेवढा बदलावा आणि उरलेले अंग शाबूत राहावे, हे मला फार मोठे भाग्य वाटले. माझ्या आईची एक वीट हलली असती तर चार विटा ढासळल्या असत्या. त्याच भाग्याने पुढे माझी कशी दशा केली, ते ऐका.

नंदुरबारच्या स्टेशनावरून काचा गाडीत गवत घालून आणल्या. तरी वाटेत तीन फुटल्या. राखीव म्हणून दोनच मागवल्या होत्या. त्या बसल्या आणि अकरा क्रमांकाची चौकट रिकामी राहिली. दुसऱ्या दिवशी उद्घाटन. शांतीलालभाई कपाळाला हात लावून ओट्यावर बसले.

तेव्हा तापीबाई आल्या. नवऱ्यामागे नऊ एकर काळी जमीन स्वतः उभे राहून कसणारी ही बाई. डोक्यावरचा पदर कधी ढळला नाही आणि शब्द कधी माघारी गेला नाही. त्या काळी घरंदाज बायका काटाघराची पायरी चढत नसत, म्हणून त्या खालीच उभ्या राहिल्या.

"भाई, मन्हा घर कपाट शे," त्या म्हणाल्या. "त्यासनी सुरतथून आणेल व्हतं. त्यानी काच लई या."

"आणि कपाटले?" शांतीलालभाईंनी विचारले.

"कपाटमा आते ठेवाले काय शे? पण ती अकरामा बसाडा. तठून काटा दखास. मी बाहेर उभी ऱ्हासू."

"नवी काच उनी का तुम्हनी परत करसूत," शांतीलालभाई म्हणाले. "सोसायटीना शब्द शे."

ती काच किंचित हिरवट होती आणि तिच्या पोटात तिळाएवढ्या बुडबुड्यांची एक तिरकी ओळ होती. चौकटीहून ती दोन बोटे रुंद भरली. दोधूने कडेची लांब पट्टी कापून काढली आणि फेकायला हात उचलला. तापीबाईंनी ती त्याच्या हातून घेतली, पदरात गुंडाळली आणि घरी नेली.

पहिली पाच वर्षे मी मानाने जगले. शहाद्याहून माणसे मला पाहायला येत. दर शनिवारी राखेने आणि जुन्या धोतराने मला पुसत. तापीबाई दर हंगामाला अकराव्या चौकटीसमोर उभ्या राहत. त्यांच्या कापसाचे बोचके तराजूच्या एका पारड्यात चढे, दुसऱ्यात मणाची वजने, आणि त्यांचे डोळे माझ्यातून थेट काट्यावर. मी त्यांच्यासाठी उभी आहे, असे मला वाटे.

एकसष्ट साली शांतीलालभाई वारले. त्यांच्याबरोबर शनिवार गेला.

मित्रांनो, आता मी जे सांगते ते ऐकताना तोंड वाकडे करू नका. मी ते अंगावर सोसले आहे. तंबाखू मळून झाली की बोटाला उरलेला चुना माणसे कुठे पुसतात, तुम्हांला ठाऊक आहे? माझ्या अंगावर. खालच्या दोन ओळींवर चुन्याच्या बोटांचे शेकडो फराटे, त्यांवर पिंकांचे ओघळ, ओघळांवर कापसाचे तंतू चिकटलेले. निवडणूक आली की पिठाची खळ लावून कागद चिकटवत. निवडणूक जाई, कागद राही, खळीला झुरळे लागत. कोणी माझ्यात पाहून मिशीला पीळ देई आणि तेच तेलकट बोट मलाच पुसे. कोणी नाक शिंकरी. शी! जिच्यातून सत्य पाहायचे, तिला या लोकांनी मोरी करून टाकले.

आणि कोणी हटकले तर एकच उत्तर: "फुटनी ते बदलाई टाकसूत!"

हे शब्द मला पिंकेपेक्षा ओंगळ वाटतात. बदलता येते, म्हणून पुसायचे नाही. बदलता येते, म्हणून दगड लागला तरी चालेल. आणि जेव्हा खरोखर फुटते, तेव्हा नवे कोणी आणत नाही! पहिल्या दिवशी संपलेल्या दोन राखीव काचा अकरा वर्षांत एकदाही मागवल्या गेल्या नाहीत. एक-एक करून माझी सात तावदाने गेली. त्या जागी वनस्पती तुपाच्या डब्यांचे पत्रे ठोकून सपाट करून बसवले. ते पत्रे गंजले आणि पावसाळ्यात त्यांचे तांबडे पाणी माझ्या अंगावरून वाहिले.

शांतीलालभाईंनंतर रतिलाल सेक्रेटरी झाला होता. केसांना वासाचे तेल, खिशाला दोन पेने. काट्यावर त्याने आपला माणूस बसवला, मगन. सहासष्टच्या दिवाळीनंतर रतिलालने मगनला बोलावले आणि अकराव्या चौकटीकडे बोट केले.

"आठून ऊन डोयामा येस. हाई काच काढ, वर चोवीसमा टाक. चोवीसमाना पत्रा आठे बसाड."

चार नट आणि चार नट. दोघांनी पाव तासात माझा डोळा काढून कपाळाच्या कोपऱ्यात बसवला आणि डोळ्याच्या जागी पत्रा मारला. माझ्याच गुणाने मला आंधळे केले. सकाळच्या काट्यावर ऊन पश्चिमेच्या भिंतीतून येत नाही, हे माझ्याइतके कोणाला ठाऊक? पण मला विचारतो कोण.

आता खरे काय चालले होते ते सांगते. काटाघरात दाराशी खाटेवर बसलेल्या मंडळींना कापसाच्या ढिगामुळे वजनाचे पारडे दिसत नसे. ते अगदी माझ्या पायाशी लोंबे. माझ्या खालच्या दोन्ही ओळी चुन्याने आणि पत्र्यांनी आंधळ्या झालेल्या. उरली होती ती अकरावी काच, तापीबाई पदराने पुसत ती. ती गेल्यावर मगनने आपले पाऊल अलगद वजनांच्या पारड्यावर टेकायला सुरुवात केली. वजने जड झाली, कापूस हलका ठरू लागला. शेतकऱ्याच्या एका गाडीमागे मण-दीड मण कापूस कोणाच्याच नावावर न चढता ढिगात जिरू लागला. मी हे रोज पाहत होते. पाहणे हेच माझे काम, आणि दाखवता येत नव्हते. अशी शिसारी मला स्वतःची कधी आली नव्हती.

जानेवारीत तापीबाईंची गाडी आली. नऊ एकरांचे वर्षभराचे पीक तिच्या तीन खेपांत होते. पहिली खेप घरच्या टोपल्यांच्या हिशेबाने भरायला हवी होती त्याहून दीड मणाने कमी भरली. त्या आपल्या जागी येऊन उभ्या राहिल्या, तर समोर पत्रा.

"रतिलाल, मन्ही काच कोठे शे?"

"कोणती काच, काकी?" तो आतूनच म्हणाला. "व्हती ती जुनी व्हयनी. बदलाई टाकी."

"माले काटा दखास नही."

"मंग मझार या ना, काकी! तुम्हले कोण आडावस?" त्याला ठाऊक होते की त्या पायरी चढणार नाहीत. खाटेवरून कोणीतरी फिसकन हसले.

तापीबाई हसणाऱ्याकडे पाहायला थांबल्या नाहीत. दुसऱ्या खेपेचे बोचके पारड्यात चढले. त्यांनी पदर खोचला, पत्र्यासमोर आल्या आणि माझ्या पहिल्या नटाचे दोन्ही कान चिमटीत धरले.

मित्रांनो, रतिलाल शिकलेला होता, पण एक गोष्ट तो विसरला होता. नट बाहेरच्या अंगाला आहेत. दोधूचे शब्द त्या दिवशी सगळ्या गावाने ऐकले होते. लक्षात ठेवले होते एकट्या तापीबाईंनी. गवंडी नको, सुतार नको. पहिला फिरला. दुसरा कळकून घट्ट बसला होता. त्यांनी पदराचा कोपरा दुहेरी करून त्याला पीळ दिला. तिसरा. चौथा. पत्रा सुटला आणि खालच्या फरशीवर असा आदळला की आवारातले सगळे बैल बुजले.

चौकटीतून सगळ्यांना दिसले ते मगनचे पाऊल. वजनांवर टेकलेले, बोटात चांदीची जोडवी तेवढी नव्हती, नाहीतर एखाद्या नवरीने मापाला लावावे तसे नाजूक.

"मगन," तापीबाई म्हणाल्या, "पाय थकना का? उचल ना."

रांगेतल्या मागच्या गाडीवरून शेतकरी चुडामण पाटलांनी उडी टाकली. त्यांच्या मागून बाकीचे गाडीवाले. जे हसले होते, ते खाटेवरून उठून उभे राहिले. कोणीही हात उचलला नाही. सगळ्यांची बोचकी फक्त पुन्हा तोलली गेली. तापीबाईंचे दीड मण आपल्या जागी आले आणि इतरांचेही.

आठ दिवसांनी आवारात सभा झाली. चुडामण पाटील नवे चेअरमन झाले. सुरतेहून आठ काचा आणि दोन राखीव मागवायचे ठरले. मगनने मला राखेने घासावे आणि रतिलालने नखांनी कागद खरवडावेत, अशी शिक्षा झाली. मला दोघांचाही स्पर्श नकोसा होता, पण सोसला. शेवटी तापीबाई बोलल्या.

"चोवीसमानी काच मन्ही शे. सोसायटीना शब्द व्हता."

"काकी, कागद कोठे शे?" रतिलाल म्हणाला. त्याची खोड गेली नव्हती. "काच ते काच. कोन्ही बी सांगी, मन्ही शे."

"कागद नही," तापीबाई म्हणाल्या. "नवी काच येऊ द्या. मंग सांगसू."

फाल्गुनात काचा आल्या. अकराव्या चौकटीत नवी, स्वच्छ काच बसली. चुडामण पाटील शिडीवर चढले, चोवीसचे चार नट त्यांनी स्वतः फिरवले आणि ती हिरवट काच खाली आणून पायरीबाहेर पसरलेल्या जुन्या धोतरावर ठेवली. रतिलाल खरवडता खरवडता थांबला.

आता माझे मागणे ऐका, कारण शेवटचा शब्द माझा नाही. ज्या वस्तूचा भाग बदलता येतो तिला जास्त जपा, कमी नाही. बदलता येणे ही तुम्हांला दिलेली सवलत आहे. थुंकायला दिलेली परवानगी नाही. मला पुसा. राखीव दोन काचा नेहमी ठेवा. आणि माझ्यासमोर कोणी पत्रा बसवू लागला, तर तो का बसवतो आहे हे विचारा.

तापीबाईंनी बरोबर आणलेले जुने लुगडे उलगडले. आत अकरा वर्षे जपलेली दोन बोटे रुंदीची पट्टी होती. त्यांनी ती धोतरावरच्या काचेच्या कडेला ठेवली आणि हळूच सरकवली. कड कडेला भिडली. हिरव्यात हिरवे मिळाले. तिळाएवढ्या बुडबुड्यांची तिरकी ओळ काचेतून निघून पट्टीत शिरली आणि एकाही तिळाची चूक न होता पुढे गेली.

चुडामण पाटलांनी टोपी काढली. "सोसायटीना शब्द," ते म्हणाले, "आते पुरा व्हयना का, वहिनी?"

तापीबाईंनी त्या ओळीवरून एकदा बोट फिरवले.

"फिटनं," त्या म्हणाल्या.