ढोलाचा पहिला घोट

सातपुड्यातल्या काठी गावच्या होळीचा मोठा ढोल आजोबांपासून वाहरूच्या घरात होता, आणि गेल्या होळीला हा पठ्ठ्या पिऊन त्याच ढोलावर आडवा झाला. कातडं टर्रकन फाटलं. सगळा डोंगर बघत होता, वर पाहुणेरावळे! होळीच्या पुजाऱ्यानं, खात्याआजानं, ढोलाला नवं कातडं चढवून घेतलं. पावसाळा सरल्यावर त्यानं वाहरूला तोंडावर सांगून टाकलं, की पुढच्या होळीला शुद्धीत उभा राहिलास तर ढोल तुझा, नाहीतर तो दुसऱ्याच्या घरी जाईल.

आता दारू सोडायची म्हणजे काय गंमत आहे? वाहरूनं सोडून बघितली होती. हात असे कापायला लागले की भाकरीचा तुकडा तोंडाऐवजी नाकाला लागायचा, आणि बायको धनुबाई ते दिसू नये म्हणून चुलीकडे तोंड फिरवायची. मग पाय आपोआप अक्कलकुव्याच्या बाजाराकडे, कलालाच्या दारूदुकानी.

तिथंच त्याला बैलगाडीवाला गफूर भेटायचा. हा घरच्यांपासून लपूनछपून पिणारा, वेलदोडा चघळत घरी जाणारा. एका बाजाराला मात्र गफूर दुकानासमोरून गाडी हाकत सरळ पुढे निघाला. वाहरूनं धावत जाऊन बैलाची वेसण धरली आणि विचारलं, तब्येत बरी नाही की काय?

"सोमवारले नालाकाठे दारू सोडेल लोके बसतस," गफूर म्हणाला. "तठे कोनी हासत नही रे. मन्हाबी हात कापतस."

गफूरचेही हात कापतात! तेवढ्या एका वाक्यावर वाहरूनं सोमवारी येतो म्हणून कबूल केलं, आणि खरंच गेला.

नाल्याकाठी सागाखाली मूठभर माणसं बसली होती. मध्ये दिवलीबाई. ही बाई एके काळी गावाला पुरेल एवढी मोहाची गाळायची आणि त्यातली निम्मी स्वतःच प्यायची. हे तीच हसत हसत सगळ्यांना सांगायची. तिची रीत अशी, की पळसाच्या पानाचा द्रोण पाण्यानं काठोकाठ भरायचा आणि हातोहात फिरवायचा. ज्याच्या हातून सांडेल त्याच्या हाताखाली शेजाऱ्यानं आपला हात लावायचा. बस्स. द्रोण वाहरूकडे आला आणि अर्धं पाणी मांडीवर. डावीकडून गफूरचा हात आला, उजवीकडून दिवलीबाईचा. वाहरूला रडू आलं, लगेच हसूही आलं, आणि घरी जाताना तो रानभर गात सुटला. जत्रेची वाट बघावी तशी तो पुढच्या सोमवारची वाट बघायला लागला.

होळी जवळ आली आणि वाहरूला तो पहिला घोट आठवला. वाजवणाऱ्यानं आधी मोहाच्या दारूचा घोट तोंडात घेऊन कातड्यावर फवारायचा, अशी ढोलाची रीत. त्याशिवाय ढोल जागा होत नाही. आणि घोट एकदा तोंडात आला की तो बाहेर जाणार? वाहरू स्वतःला पुरता ओळखून होता. सोमवारी त्यानं हे सांगितलं तेव्हा सगळे एकदमच बोलायला लागले. शेवटी दिवलीबाई म्हणाली, ज्या फुलाची दारू त्याच फुलाचं पाणी घे, देवाला मोह पोचल्याशी कारण.

होळीला दिवेलागणीच्या वेळी काठीत पाय ठेवायला जागा नव्हती. डोक्याला मोरपिसं, कमरेला भोपळे, घुंगरांचा नुसता कल्लोळ! खात्याआजानं दारूनं भरलेला भोपळ्याचा तुंबा पुढे केला. वाहरूनं मान हलवली, आपल्या तुंब्यातलं फुलांचं पाणी तोंडात घेतलं आणि जोरात फवारलं. टिपरू हाणलं. ढोल भद्द वाजला.

अरे कर्मा! दारू उडून जाते आणि पाणी कातड्यात मुरतं, हे त्या एवढ्या शहाण्यांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. लोक हसले. देव कोपला, असं कुणीतरी म्हणालं. परत हाणलं, परत भद्द. वाहरूचे हात लटलट कापायला लागले. खात्याआजाचा तुंबा अजून समोरच होता आणि वास नाकात शिरत होता. एक घोट घेतला की ढोल वाजेल, घरातच राहील. वाहरूचा हात उचललासुद्धा गेला.

त्या हाताखाली गफूरचा हात आला.

"शेकोटीकडे चाल," गफूर म्हणाला. "कातडं शेकूत."

दिवलीबाई गर्दी ढकलत आली, तिच्यामागून सोमवारची सगळी माणसं. कापरे, स्थिर, सगळे हात ढोलाखाली लागले. ढोल शेकोटीशी धरून ते हळूहळू फिरवत राहिले आणि वाहरू टिचकी मारून बघत राहिला. भद्द. भद्द. मग धण्ण!

त्यानं ढोल गळ्यात अडकवला आणि असा घुमवला की पलीकडच्या टेकडीवरून आवाज परत आला. धनुबाई नाचायचं सोडून आजूबाजूच्या बायकांना सांगत सुटली, तो वाजवणारा माझा नवरा आहे म्हणून. हात कापतात की नाही हे बघायला वाहरूला सवडच नव्हती.

तो दमून थांबला तेव्हा खात्याआजा जवळ आला. रीत मोडल्याबद्दल आता हा खडसावणार, असं वाहरूला वाटलं. पण म्हाताऱ्यानं दारूचा तुंबा जमिनीवर उपडा केला आणि वाहरूकडचं फुलांचं पाणी मागितलं. ते तोंडाशी नेताना निम्मं त्याच्या छातीवर सांडलं.

"तुमचा तो सोमवार," खात्याआजा हळूच म्हणाला, "म्हाताऱ्याला घेता का?"

वाहरूनं टिपरू खाली ठेवलं आणि त्याच्या हाताखाली आपला हात लावला.