रुख्माच्या इलाजाची म्हैस

मी चंद्री. जातीची म्हैस. म्हशीला काय कळतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी खुशाल पुढे जावं. त्यांच्यासाठी मी नेहमीसारखी रवंथ करत बसेन.

नागझिऱ्याच्या जंगलाला लागून असलेल्या एका खेड्यात, बकारामच्या गोठ्यात माझा जन्म झाला. कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून नाव चंद्री. बकारामची एकुलती एक मुलगी रुख्मा मला नाल्यावर नेऊन घासायची आणि घासता घासता सगळ्या गावाच्या तक्रारी मला सांगायची. तिचं लग्न कुडव्याच्या उदारामशी झालं तेव्हा बापाने मला आंदण दिलं. नवरीच्या खाचरामागे, म्हणजे छोट्या बैलगाडीमागे, दोरी बांधून मी चालत होते. खाचरात बसलेली रुख्मा रडणं थांबवून मधून मधून मला विचारायची, "थकली का वो?"

उदारामकडे धानाच्या बांध्यांची शेती होती, एक बैलजोडी होती आणि आई होती, देवकाबाई. या तिघांच्या मानाने रुख्माची आणि माझी किंमत कमी होती. पण दोघी कामाच्या होतो. मी दूध दिलं. रुख्माने रोवणी केली, धान कांडलं, शेण काढलं आणि वच्छलाला जन्म दिला. मुलगी झाली म्हणून देवकाबाईने बारशाला पाहुणे बोलावले नाहीत.

धार काढताना रुख्मा आपलं डोकं माझ्या कुशीला टेकवायची. एकदा माझ्या कासेत दगडासारखी गाठ झाली. तिने गरम पाण्याने शेकून, तेल चोळून ती जिरवली. पुढे तिला स्वतःच्या उजव्या छातीत तशीच गाठ लागली, तेव्हा तिने तोच इलाज केला. पहाटे माझं पाणी तापवायची, त्यातच फडकं बुडवून स्वतःला शेकायची. माझी गाठ जिरली होती. तिची वाढत गेली. मग चोळीवर डाग पडू लागले आणि लपवणं संपलं.

गोंदियाच्या दवाखान्यातून परत आल्यावर उदाराम आणि देवकाबाई गोठ्यातच बोलत उभे राहिले. घरात रुख्मा ऐकेल म्हणून. ती माझ्या पलीकडे शेण भरत होती, ते त्यांना दिसलं नाही.

"नागपूरले न्या म्हणते डॉक्टर. छाती कापा लागंल. मंग मयनाभर थेच ठेवा लागंल."

"अना वाचली नाही त?"

"वाचू शकते म्हणते."

"शकते म्हणजे का?" देवकाबाई म्हणाली. "बैल घेताना दात पाहून घेतोस, अना इथं आंधळ्यावानी पैसा टाकून राहिलास?"

उदाराम वाईट बोलत नसे. त्याच्या वतीने आई बोलायची, आणि तो ऐकून घ्यायचा.

रुख्मा उठून उभी राहिली. दोन्ही हात शेणाने भरलेले. म्हणाली, "तुमचे बैल राहू द्या जी. चंद्री माही हाय. माह्या बापानं देल्ली. तिले विका अना मले नागपूरले न्या."

तिसऱ्या दिवशी मुन्नालाल आला. गोंदियाचा दूधवाला. रेल्वेच्या साहेबांच्या बंगल्यांत आणि स्टेशनापुढच्या हॉटेलांत त्याचं दूध जायचं. त्याने माझं तोंड उघडलं, सड पिळून पाहिले, कमरेवर थाप मारली. माझं पारडू त्याला नको होतं. "इसका क्या करूँगा? दूध पी जाएगा," म्हणाला. पारडू कुडव्यालाच राहिलं. रुख्माने मुन्नालालला एवढंच सांगितलं, "तिच्या उजवीकडं बसू नका, लात मारते." मग ती आत गेली आणि मी त्याच्या माणसामागून गोंदियाला.

मुन्नालालच्या गोठ्यात अठ्ठावीस म्हशी होत्या आणि एकीचंही पिल्लू नव्हतं. मी पान्हा चोरला. तो सोडवण्यासाठी त्याच्या माणसांनी माझ्यावर जे जे केलं, ते मी सांगणार नाही. दुधाचा चहा पिणाऱ्यांना ते ऐकवणार नाही. मी थोडं दूध देऊ लागले, भरभरून कधीच नाही.

भाताची कापणी झाली, थंडी आली, आणि एका दुपारी गोठ्याच्या दारात मला ओळखीचा वास आला. मी हंबरले. रुख्माच होती. अंगात नुसती हाडं, आणि उजवा हात खांद्यापासून बोटांपर्यंत सुजून खांबासारखा झालेला.

तिची कहाणी मला नंतर, वैरण टाकता टाकता, तिनेच सांगितली. नागपूरला तिला कापलं. उदाराम दोन दिवस थांबला. "उरलेला पैसा मी सांभाळतो, धान कापून येतो," म्हणून गेला तो गेलाच. दवाखान्यात शेजारच्या खाटेवरच्या बाईने आपल्या भाकरीतली अर्धी दिली, म्हणून ती जगली. गाडीतून उतरून ती चालत कुडव्याला पोचली, तर अंगणात एक अनोळखी पोरगी सडा टाकत होती. कपाळावर ताजा मळवट. माझ्या विक्रीतले जे पैसे उरले होते, त्यांत उदारामचं दुसरं लग्न उरकलं होतं.

देवकाबाई दारात आडवी उभी राहिली. "लागट रोग हाय तुहा. पोरीले लागंल. इथं पाय नोको ठेवू."

उदाराम घरात होता. त्याचा खोकला तिला ऐकू आला. तो बाहेर आला नाही.

बाप वारला होता. जायला जागा नव्हती. नागपूरला मात्र दर महिन्याला जायचंच होतं; जखम दाखवायला, औषध घ्यायला. म्हणून ती मुन्नालालकडे काम मागायला आली होती.

मुन्नालालने तिचा सुजलेला हात पाहिला. "एक हाथ की बाई? मजूरी भी आधी मिलेगी."

"बरं," रुख्मा म्हणाली आणि माझ्याजवळ येऊन बसली. डाव्या हाताने तिने माझ्या सडांना हात घातला. पाठीत, पोटात, सगळीकडे साठवून ठेवलेलं काहीतरी सुटलं. पातेलं भरलं, दुसरं मागवावं लागलं. मुन्नालाल बघतच राहिला.

रुख्मा उठली. "आता पूरी मजुरी देता का मी जाऊ?"

"अरे, जाती कहाँ है?"

"ही माह्याच हातानं देते. दुसऱ्या कोनाले देनार नाही. पूरी मजुरी, अना मयन्यातून दोन दिवस नागपूरची सुट्टी."

त्याने शिव्या दिल्या, पण कबूल केलं. मला त्या दिवशी मोठा अभिमान वाटला. आता वाटतं, मी तेव्हा दूध दिलं नसतं तर बरं झालं असतं. तिची माझ्यावरची सगळी मदार तिथेच सुरू झाली.

ती गोठ्याच्या कोपऱ्यात, पेंडीच्या पोत्यांमागे झोपायची. पेज प्यायची. मजुरीचा पैसा रेल्वेला आणि औषधाला जायचा. उरला तर वच्छलासाठी रेवड्या घ्यायची आणि कुडव्याला जायची. देवकाबाई रेवड्या ठेवून घ्यायची, मुलगी दाखवायची नाही.

एकदा बाजाराच्या दिवशी उदारामची नवी बायको वच्छलाला घेऊन गोठ्यापुढून चालली होती. मुलगी हात सोडवून आत आली. नऊ वर्षांची झाली होती. रुख्मापासून चार पावलांवर थांबली.

"आजी म्हनते, तुही छाती कापली. आता तू माय नाही राहिली म्हनते. खरं हाय का?"

रुख्माने पदर आवळला. मग सोडला. "ये, पाहून घे. हात लाव. लागत नाही काही."

वच्छलाने पाहिलं. हात पुढे केला, आणि मध्येच मागे घेतला. "मले भेव लागते," म्हणाली आणि पळाली. बाहेर नवीने तिच्या पाठीत धपाटा घातलेला ऐकू आला.

रुख्मा माझ्याजवळ आली. रडली नाही. माझ्यापुढची पेंड उगाच सारखी करत राहिली.

मग दूर विलायतेकडे लढाई सुरू झाली. साहेब लोकांचं दूध वाढलं, पण पेंड त्याहून महागली. मी म्हातारी झाले होते. दोनदा फळले नाही. दूध आटलं. माझं दूध आटलं तशी रुख्माची मजुरी परत अर्धी झाली.

त्याच पावसाळ्यात तिच्या काखेत पुन्हा गाठ आली. नागपूरच्या डॉक्टरने सांगितलं, लवकर कापलं तर हाताबाहेर जाणार नाही. तिने मुन्नालालकडे उचल मागितली.

"देऊन राहिलो का मी?" मुन्नालाल तिच्याच बोलीत हसला. "चंद्रीला खाटकाकडे काढतोय. हिलेगी नहीं वो किसी के साथ. तू घेऊन चल बाजारात. भाव चांगला आणलास तर वरचा पैसा तुझा."

रात्रभर ती माझ्याजवळ बसेल असं मला वाटलं होतं. ती झोपली. सकाळी तिने माझं अंग घासलं, शिंगांना तेल लावलं, पोट भरून पाणी पाजलं. मी जड दिसावं म्हणून. दोरी डाव्या हाताला गुंडाळून म्हणाली, "चाल, चंद्री." मी चालले. तिच्यामागे मी चालणार नाही तर कोण चालणार?

बाजारात खाटकाच्या माणसाने माझे दात पाहिले. "पंधरा-सोळा की होगी."

"बारा," रुख्मा म्हणाली. "मास पाहा. हाडं नोको मोजू."

तो कमी करत होता, ती वाढवत होती. त्याने दोनदा पाठ फिरवली, तिने दोनदा त्याला बोलावून माझ्या मांडीवर थाप मारून दाखवली. शेवटी तिच्या मनासारखा भाव आला. मुन्नालालच्या माणसाने त्याचा वाटा मोजून घेतला. उरलेले तिने कमरेला खोचले आणि दोरी खाटकाच्या माणसाच्या हातात दिली. मग माझ्या तोंडाकडे न बघता म्हणाली, "मले जगा लागते वो."

आणि ती स्टेशनाच्या रस्त्याला लागली. भरभर. गाडी दुपारची असते.

आता मी बाजाराच्या कडेला खुंटीला बांधलेली आहे. इथे आम्ही पाच जणी आहोत, आणि पाणी कुणी ठेवलेलं नाही. उद्या पाणी लागणार नाही, असा हिशेब असावा. माझी काही तक्रार नाही. तक्रार ऐकायला इथे कोणी थांबतही नाही.

फक्त तुमच्यापैकी कुणी नागपूरच्या गाडीला असाल, तर बायकांच्या डब्याशी एक रोडावलेली बाई दिसेल. डब्याची पायरी उंच आहे, तिला एकटीला चढता येणार नाही. तिला वर घ्या. उजव्या हाताला धरू नका, तो दुखतो. डाव्या हाताला धरा.