हलकं मागं राहतं

राधाकृष्ण सरांनी फळ्यावर लिहिलं, 'हलकं मागं राहतं,' आणि मागच्या बाकाकडे बघून हसले. मागच्या बाकावर मी आणि पुजा, दोघी तांड्यावरच्या. 'हलकं' हा शब्द आमच्यासाठी कधी कसा वापरतात ते आम्हाला चांगलं ठाऊक आहे. माझं डोकं सणकलं.

कळमनुरीच्या विज्ञान प्रदर्शनाला शाळेतून एकच जण जाणार होतं. मला जायचं होतं, अगदी मनापासून. पण सरांनी निवडलं अद्वैतला. फळ्यावरचं वाक्य दाखवायला त्यानं शाळेच्या अंगणातल्या जिन्याच्या वरच्या पायरीवरून दगड आणि कागद सोडला. दगड धपकन पडला, कागद डुलत डुलत मागून आला. टाळ्या झाल्या. सरांनी लगेच फॉर्मवर त्याचं नाव लिहिलं.

मी पुढे झाले. "सर, हे चूक हाय."

"तुला काय कळतं गं त्यातलं?"

कळतं. ज्वारी राखायला मचाणावर बसून मी लहान-मोठे किती खडे खाली टाकलेत, त्याला गणती नाही. पण तोंडानं सांगून कोण ऐकतंय? मी तडक खिचडीच्या खोलीत गेले. पाट्यावरचा वरवंटा आणि डब्यातलं एक हळकुंड उचललं. खिचडी शिजवणाऱ्या गोजरबाई "अगं ए दिपे!" करत मागे धावल्या.

जिन्यावर चढून मी अद्वैतला म्हणाले, "लांब बस अन् बराबर बघ. खोटं बोलायचं न्हाई."

एका हातात वरवंटा, दुसऱ्यात हळकुंड. दोन्ही एकदम सोडले.

अद्वैत उठून उभा राहिला. मग सरांकडे न बघता म्हणाला, "दोन्ही एकदमच पडले."

पोरांनी कालवा केला. सरांचा चेहरा उतरला, पण हार मानतील तर ते सर कसले! "मग कागद का मागे राहिला?" असं म्हणत त्यांनी चार पायऱ्या चढून हातातला फॉर्मच माझ्यासमोर नाचवला.

मी वाकून तो घेतला. अद्वैतच्या नावासकट चुरगाळला आणि मुठीत दाबून घट्ट बोळा केला. तोवर पुजानं वरवंटा वर आणून दिला होता. सर "अगं, अगं" करेपर्यंत मी दोन्ही सोडले.

दोन्ही बरोबर मातीत.

"हलका म्हणून मागं न्हाई राहिला, सर," मी वरूनच ओरडले. "हवा अडवून राहिली होती त्याला. कागद तोच हाय."

सरांनी खाली वाकून तो बोळा उचलला. मग ऑफिसातून नवा फॉर्म घेऊन आले, पेनाचं टोपण काढलं आणि तिथेच अडले. मी खाली उतरले, वरवंटा उचलला आणि त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"दिपे, वरवंटा दे माझा!" गोजरबाई ओरडल्या. "मिरची तशीच पडली ना तिकडं!"

"देते की, मावशी," मी म्हणाले. "आधी सरांना नाव लिहू द्या."