स्मृतिनाथांचे तीर्थ

घाटकोपरच्या त्या सभागृहात गुरुवारी पाय ठेवायला जागा नसे. विस्मरण झालेल्या आईवडिलांना घेऊन मुले सकाळपासून रांगेत बसत. अट अशी की उपवास कडकडीत हवा, औषधाची गोळी मात्र चुकवायची नाही. दुपारी स्मृतिनाथ महाराज वाटीभर तीर्थ पाजत, आणि पोटच्या मुलाला न ओळखणारी आई काही वेळातच त्याला नावाने हाक मारी. सभागृह टाळ्यांनी भरून जाई.

माझी थोरली बहीण सुंदराबाई हिलाही तिचा मुलगा बाळा तेथे नेऊ लागला. ताईचा मधुमेह जुना. अलीकडे विस्मरणही वाढले होते.

“मामा, तिने मला नावाने हाक मारली. तुमच्या डॉक्टरला जमलं का हे?”

“तीर्थ गोड असते का रे?”

“गूळ घातलेलं असतं. तीर्थ काय कडू असणार?”

पुढच्या गुरुवारी साखर मोजण्याचे यंत्र घेऊन मी त्यांच्यासोबत गेलो. पडद्यामागून महाराजांचे निरूपण चालू होते, “मेंदूचे बहात्तर दरवाजे गंजलेत. तीर्थ हे आमचं वंगण.” यंत्रांच्या देखभालीत आयुष्य घालवूनही वंगणाचा हा उपयोग मला ठाऊक नव्हता.

दुपार होत आली तसा ताईला दरदरून घाम सुटला. “हा कोण माणूस?” ती बाळाकडे बघत म्हणाली. मी तिच्या बोटातून रक्ताचा थेंब घेतला. साखर बावन्न, म्हणजे धोक्याइतकी कमी. बरोबर आणलेले साखरपाणी मी तिला घोट घोट पाजले. महाराज अजून पडद्याआडच होते.

थोड्या वेळाने तिचा घाम ओसरला. “बाळ्या, जेवलंस काय रे?”

मी रांगेतल्यांना समजावले, “साखर उतरवणारी गोळी रिकाम्या पोटी घेतली की मेंदूचे इंधन संपते. माणूस भ्रमतो. गूळ पोटात गेला की भानावर येतो. भ्रम यांच्या उपवासाने आणला आणि गुळानेच घालवला.”

“काका, महाराजांची नजर पडद्यातूनही पोचते,” महाराजांचा एक सेवेकरी म्हणाला. टाळ्या पडल्या. रांगेत शेजारी बसलेल्या वनमालाबाई घामाघूम झाल्या होत्या. मी साखरपाण्याचा पेला पुढे केला, तर त्यांच्या मुलीने माझा हात दूर सारला. “उपवास मोडेल ना तिचा.”

संध्याकाळी आम्ही आमच्या डॉक्टर गार्गींकडे गेलो.

“गोळी बदलली की आई बरी होईल ना?” बाळाने विचारले.

“साखर अशी एकदम उतरणं थांबेल, आणि ते थांबायलाच हवं, वारंवार तसं झालं तर मेंदूला इजा होते. पण तिचं मूळ विस्मरण वेगळं आहे. शरीर वर्षानुवर्षं इन्सुलिनला दाद देत नाही, तेव्हा रक्तवाहिन्या बिघडतात, मेंदूच्या पेशींपर्यंतही इन्सुलिनचा संदेश नीट पोचत नसावा. अशा माणसांत विस्मरणाचा धोका जास्त आढळतो. सगळी साखळी अजून उलगडलेली नाही. गेलेलं परत आणायचं औषध माझ्याकडे नाही.”

“महाराजांकडे निदान ती एक हाक तरी होती,” बाळा म्हणाला.

नव्या गोळीची चिठ्ठी मी घडी करून खिशात घातली.

गोळी बदलली, उपवास सुटला. ताई आता बाळाला कधी ओळखते, कधी पाहुणा समजून बसायला सांगते. तो बसतो.

वाचकहो, चाळिशीत पोट सुटू लागले की साखर तपासून घ्या, चाला, उपचार टाळू नका. गोळी चालू असताना डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास करू नका. कोणी हरवलेली आई परत देतो म्हणाला, तर त्याने तिला आधी उपाशी का ठेवले, एवढे तरी विचारा. आम्ही ते फार उशिरा विचारले.