कॉयच्या पुढे

चाकाचा तो नट बोटांत नुसता फिरत राहिला—एका बाजूला त्याला चाकावर धरून ठेवणारा पिवळा गोंद, अजून ओला, त्याला चिकटलेला एक केस, कुणाचा कोण जाणे—आणि व्हर्लिनला वाटलं, हा असाच खिशात टाकला तर गाडी निघणारच नाही, कुणाला काही सांगावंही लागणार नाही. पण हॉइटकाकांनी तो हातातून हिसकून घेतला.

"आता काय वाजतगाजत न्यायचं का तुला? बस गाडीत!"

शर्यत नुसती सुरू करायची होती. या ट्रॅकवर हिरव्या झेंड्याखालून गेलेल्या शेवटच्या गाडीलाही थोडे पॉइंट मिळतात, आणि तेवढे पुरेसे होते. ऑगस्टमध्ये व्हर्लिनचा थोरला भाऊ कॉय घाटात ओंडक्यांच्या ट्रकखाली गेला. त्याचे पॉइंट कुणी खोडले नाहीत. कमावलं ते कमावलं, हा इथला जुना शिरस्ता. तेव्हापासून दर शनिवारी व्हर्लिन पॉइंटांत चढत राहिला आणि कॉय होता तिथेच बसून राहिला. आज मोसमाची शेवटची शर्यत. व्हर्लिनने झेंडा ओलांडला की थोरला भाऊ मागे; नाही ओलांडला, तर कॉय चॅम्पियन. तिसरा कुणी जवळपासही नव्हता.

आणि तो कॉय... वर्षभरात जिंकला एकच शर्यत! व्हर्लिन पाच जिंकला, चार वेळा भिंतीवर आदळला. कॉय आपला दुसरा, चौथा, तिसरा, पुन्हा चौथा—थेंबे थेंबे तळे साचे. "तू शर्यती जिंक रे व्हर्ल, मी वर्ष जिंकतो," मक्याच्या पावाचा घास तोंडात, टेबलभर चुरा, आणि ते हसू. असा संताप यायचा... यायचा काय, अजून येतो. मेलेला माणूस भिंतीवर आदळत नाही, टायर फोडून घेत नाही. याहून सांभाळून कुणी गाडी चालवली नसेल.

लोरीन, त्यांची आई, खिडकीशी आली. अंगात कॉयचं जाकीट, बाह्या दुमडलेल्या. तिने हात आत घालून त्याचा पट्टा सरळ केला.

"आई, काय करू?" विचारायचं नव्हतं, विचारलं गेलं.

"मला काय विचारतोस? दोघंही माझेच." ती ट्रॅककडे बघत राहिली. "तो थडग्याचा दगड कोरणारा आला होता परवा. नावाखाली एक ओळ मोकळी सोडलीय त्याने. मीच म्हटलं, मोसम संपू दे."

"मग नको चालवू?"

"मी म्हटलं का नको? तुझा बाप असता तर असं विचारल्याबद्दल थोबाडीत दिली असती." आणि तिने खिडकीची जाळी लावून टाकली.

गाड्या रांगेने हळू फिरू लागल्या. दोन फेऱ्या, मग झेंडा. डाव्या हाताला शर्यत सोडून आत वळायची वाट, प्रत्येक फेरीत एकदा समोर येणारी. वळावं. लोक उभे राहून टाळ्या वाजवतील, भाऊ असावा तर असा म्हणतील, काका आधी शिव्या देतील आणि मग रडतील, दगडावरची ओळ भरेल... आणि मी? मी त्याला दिलेलं असेल. भीक घातल्यासारखं. जन्मभर ज्याने मला मागे ठेवलं त्याचं एकुलतं एक चॅम्पियनपद माझ्या दयेचं—या विचाराने छातीत काहीतरी गोड, ऊबदार पसरलं, आणि व्हर्लिनला स्वतःची किळस आली.

मग चालवावी. पण चालवली तर मी पुढे, आणि थांबवली तरी मीच वरचढ. दोन्हीकडून कॉयच हरतो. तो काहीच करू शकत नाही, पुढच्या शनिवारी नाही, पुढच्या वर्षी नाही... टेबलावर चुरा सांडून हसणारं कुणी नाही.

पुढच्या गाडीने वेग घेतला. वळायची वाट जवळ येत होती. हेल्मेटच्या आत, स्वतःलाही ऐकू न येणाऱ्या आवाजात, व्हर्लिन म्हणत होता, हरव रे मला, कॉय... अजून एकदाच हरव.