ब्रह्मदेशातली पायवाट

समितीने टेबलावर मांडून ठेवलेली पुण्याची जाडजूड पुस्तकं मनुबाईंनी बाजूला सारली आणि पिशवीतून एक पातळ, करड्या पुठ्ठ्याचं पुस्तक काढलं.

आष्ट्याच्या वाचनालयाचा वार्षिक मेळावा होता. यंदा काय वाचावं, हे सांगायला मुलींच्या शाळेतल्या मनुबाईंना बोलावलं होतं.

"हे 'ब्रह्मदेशातली पायवाट'," त्या म्हणाल्या. "आपल्याच गावच्या कृष्णातचं. लढाईवरून आल्यावर त्याने लिहिलं. पुण्यात कोणी छापेना, म्हणून घरची म्हैस विकून सांगलीत स्वतः छापून घेतलं. कुठल्या वर्तमानपत्रात याचं नाव यायचं नाही. यंदा हेच वाचा."

दाराशी उभ्या असलेल्या कृष्णातने मान खाली घातली.

अध्यक्ष हंबीरराव खुर्चीत पुढे सरकले. लढाईच्या काळात गावोगाव फिरून पलटणीसाठी पोरं भरती केली ती त्यांनीच. शाळा बोर्डावरही तेच होते.

"बाई, ते ऱ्हाऊ द्या. शुद्धलेखनाचा पत्ता न्हाई त्यात. दुसरं सांगा."

"चुका आहेत. पण पुण्याची पुस्तकं आपल्यावाचून अडत नाहीत. हे आपण वाचलं नाही, तर कोणीच वाचणार नाही."

"शिरवळच्या शाळेत बाई पायजे म्हणत्यात," हंबीरराव सावकाश म्हणाले. "लय लांब हाय."

मनुबाईंनी चष्मा पदराने पुसला.

"शिरवळलाही हेच पुस्तक सांगेन."

आणि त्या वाचू लागल्या.

"पावसात बूट कुजलं. सायबांच्या मोटारी म्होरं निघून गेल्या. आमाला कुणी सांगितलं न्हाई, कुठं जायाचं. भरती करताना लय सांगितलं हुतं, त्यात ह्ये न्हवतं..."

"बास." हंबीरराव उठून उभे राहिले. बैठकीत कोणी हललं नाही.

बायकांच्या जाजमावरून अंबूबाई उठल्या. हंबीररावांची बायको. चार माणसांत त्यांचा आवाज आजवर कोणी ऐकला नव्हता. त्या थेट कृष्णातशी बोलल्या.

"माझा केरबा तुझ्याच पलटणीत हुता. त्यो हाय का रं ह्यात?"

कृष्णातने हंबीररावांकडे पाहिलं. मग नजर काढून घेतली.

"हाय, काकी."

"मग बाई, तेवढं वाचा."

केरबा छातीवर गोळी झेलून पडला, असं हंबीररावांनी घरी सांगितलं होतं. त्याच्या तसबिरीला रोज हार पडत होता. मनुबाईंना ते पान माहीत होतं. त्यात गोळी नव्हती. ताप होता, हगवण होती, आणि तीन दिवस आईला मारलेल्या हाका होत्या. त्यांचं बोट पुस्तकातच थांबलं.

"नगं ऐकूस," हंबीरराव हळू म्हणाले. "मी वाचलंय त्ये."

अंबूबाई त्यांच्याकडे वळल्या.

"तुमी वाचलंय. मला कुठं येतंय वाचाया?"

हंबीररावांनी आपली खुर्ची उचलली, जाजमापर्यंत नेली आणि बायकोच्या मागे ठेवली.

अंबूबाईंनी खुर्चीकडे वळूनही पाहिलं नाही. पदर खांद्यावर घट्ट ओढून त्या उभ्याच राहिल्या.

"वाचा, बाई."