नव्याचा घास

सोनूबाईंनी आरशासमोर तर्जनी दातांच्या फटीशी नेली. शिरली नाही. करंगळीचे नख तेवढे आत गेले. पदराने बोट पुसून त्या माजघरात आल्या.

पाने मांडलेली होती. नव्या तांदळाचा भात वाफाळत होता. देवरूखजवळच्या या घरात नवे खाण्याच्या दिवशी सर्वांत वडील माणसाने पहिला घास घेतल्याखेरीज कोणी पानाला हात लावीत नसे. सासऱ्यांमागे तो मान सोनूबाईंचा होता. मुलगा गुरुप्रसाद त्यासाठी मुंबईहून आला होता.

गेल्या वर्षी चिऱ्याच्या पायरीवर त्यांची हनुवटी आपटली होती. कोणाला न सांगता त्यांनी जबडा महिनाभर फडक्याने आवळून ठेवला, आणि कानापुढचा मोडलेला सांधा आत हाडाला हाड धरून बसला. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी सगळे मार्ग समजावले. सुईने सांधा धुणे, दुर्बिणीने आतून साफ करणे, हे सांधा हलत असता तर उपयोगाचे. आता कानापुढे चीर देऊन जुळलेले हाड कापायचे आणि मापाने घडवलेला कृत्रिम सांधा बसवायचा, तोही मुंबईस. चेहऱ्याची शीर तिथूनच जाते. तिला धक्का लागला तर ओठाचा कोपरा उतरेल, डोळा मिटणार नाही. काहीच न केल्यास जन्मभर पेज.

“म्हणजे चेहरा लुळा पडला, की सुनेवर चिडले तरी तिला कळायचं नाही,” सोनूबाई मिटल्या दातांतून म्हणाल्या होत्या. “माझं तोंड आहे. नवं झालं की मी ठरवीन.”

डॉक्टरांना उत्तर आज हवे होते.

त्यांनी घास केला. ओठ विलगले, दात मात्र विलगले नाहीत. भात हनुवटीवरून पानात पडला. दुसरा घास त्यांनी लहान केला, तोही पडला. एकेक शीत आत लोटता आले असते. पण तो घास नव्हे. नात सानवीने मान खाली घातली.

“आई, पेज केलीय,” सून तेजस्वी हलकेच म्हणाली आणि वाटी सरकवली.

“पेजेनं नवं होत नाही.” वाटी परत गेली.

भात निवत चालला. कोणी हलले नाही. अखेर सोनूबाईंनी तिसरा घास उचलला आणि सुनेच्या ओठांशी धरला.

“आई, हे तुमचं.”

हात तसाच राहिला. तेजस्वीने तोंड उघडले, अगदी सहज. सोनूबाई त्या उघड्या तोंडाकडे पाहत राहिल्या.

मग सगळ्यांचे हात पानांवर पडले. गुरुप्रसादने भाताचा वास वाखाणला आणि मुंबईला कधी निघणे सोयीचे, ते बायकोला विचारले. असे प्रश्न आजवर पंक्तीच्या वरच्या टोकाला, सोनूबाईंकडे येत.

“मी...” सोनूबाई म्हणाल्या. भांड्यांच्या आवाजात ते कोणाला ऐकू गेले नाही.

फोन वाजला. डॉक्टरच होते. गुरुप्रसादने डाव्या हाताने तो कानाशी धरला, थोडा वेळ ऐकले.

“आईचं म्हणणं काय ते विचारताहेत,” तो म्हणाला. त्याने पाहिले तेजस्वीकडे.

तेजस्वीच्या तोंडात घास होता. तिने सासूकडे एकवार पाहिले, मग होकारार्थी मान हलवली.

“हो, डॉक्टर,” गुरुप्रसाद म्हणाला.

सोनूबाईंनी पेजेची वाटी पुढे ओढून घेतली.